हात त्यांच्या हाती, तोल आपल्या पायी

लग्नसराई तोंडावर आली की या सदराच्या टपालात दोन तऱ्हेची पत्रं हमखास येतात. रुखवतात नवीन काय मांडावं, हे एक. आणि कपाटातला ठेवणीतला ब्लाऊज आता अंगाला बसत नाही, तो कसा उसवावा, हे दुसरं. यंदा मात्र एक निराळंच पत्र आलं. छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं. त्यांच्या परवानगीने त्यातला थोडा भाग इथे देते.

‘पुतण्याचं लग्न आहे. संगीताच्या कार्यक्रमात घरातल्या प्रत्येक जोडप्याने नाचायचं, असं मुलांनी ठरवून टाकलंय. आमच्या वाट्याला सालसा आला. माझं वय ४७. मंगळागौरी सोडल्या तर मी कधी नाचलेली नाही. तरी पावलं पाठ केली. चुकत नाही. पण परवा शिकवणारी मुलगी म्हणाली, “काकू, तुमचं सगळं बरोबर आहे, पण तुम्ही दिसतच नाही. नुसत्या काकांच्या मागे जाताय.” तिच्या मनात काही वाकडं नव्हतं हो, पण घरी आल्यावर मला रडू आलं. बावीस वर्षं मी हेच तर करत आले, चुकायचं नाही आणि मध्ये यायचं नाही. आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर दिसायचं कसं, ते तुम्हीच सांगा.’

पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. विचारलंय नाचाबद्दल, पण दुखणं निराळंच आहे, नाही का? तरी आपण आज नाचाबद्दलच बोलू. कारण या नाचात त्या दुखण्यावर एक उतारा आहे, आणि तो हातापायाने करण्यासारखा आहे.

आधी हा सालसा म्हणजे काय ते दोन शब्दांत. क्यूबा बेटावरचं ‘सोन’ आणि ‘माम्बो’ हे संगीत तिथून, आणि पोर्तो रिको बेटावरून, न्यूयॉर्कला गेलेल्या लोकांमध्ये वाढलं, आणि १९७०च्या दशकात त्याला सालसा हे नाव चिकटलं. स्पॅनिश भाषेत सालसा म्हणजे तोंडीलावण्याची पातळ चटणी! हवानात जन्मलेली सेलिया क्रूझ ही या संगीतातली नामवंत गायिका (१९२५ ते २००३). ती गाता गाता मध्येच ‘आसूकार!’ म्हणून ललकारी द्यायची. आसूकार म्हणजे साखर. चटणी काय, साखर काय. स्वयंपाकघरातल्याच गोष्टी की! तेव्हा फार परकं वाटून घेऊ नका.

हा नाच जोडीचा. एकाने पुढाकार घ्यायचा, दुसऱ्याने साथ द्यायची. आणि रीतीप्रमाणे पुढाकार पुरुषाचा, साथ बाईची. आता ‘साथ’ म्हटलं की आपल्याला वाटतं गप्प राहणं. पण गाण्याच्या मैफलीत तबल्याची साथ असते, ती काय मुकी असते? गवई कुठे निघालाय त्याकडे कान ठेवून, त्याला न अडवता, तबलजी आपला हात दाखवतोच. तशी साथ आपल्याला द्यायची आहे. क्लासमध्ये त्याला स्टायलिंग म्हणतात. आपल्या आज्या त्यालाच नखरा म्हणायच्या, आणि पोरींनी तो करू नये म्हणून डोळे वटारायच्या!

तर आता कामाला लागू. पदर खोचा.

आधी पाय

नखरा हातात असतो असं सगळ्यांना वाटतं. तो सुरू होतो पायातून. सालसाची मोजणी आठाची, आपल्या केरव्याच्या आठ मात्रांसारखी. पावलं पडतात एक-दोन-तीनला आणि पाच-सहा-सातला. चार आणि आठ या मात्रांना पाऊल नाही. नेहमीच्या पद्धतीत एकला ते डावा पाय पुढे टाकतात, तेव्हा आपण उजवा पाय मागे न्यायचा. पाचला ते उजवा मागे नेतात, आपण डावा पुढे आणायचा. एवढं तुम्हाला येतंच.

आता हे पाहा. पाऊल टाकताना गुडघा किंचित वाकलेला हवा. आधी चवडा टेकायचा, मग अंगाचा भार त्यावर न्यायचा आणि भार जाता जाता गुडघा सरळ करायचा. असं केलं की कंबर आपोआप त्या बाजूला जाते. मुद्दाम हलवावी लागत नाही, आणि हलवूही नये. मुद्दाम हलवलेली कंबर ओळखू येते, जशी वरून ओतलेली फोडणी ओळखू येते.

भार पुरता न नेणं ही नवशिक्या बाईची पहिली चूक. दोन्ही पायांवर थोडाथोडा भार ठेवून आपण उभ्या राहतो, कारण ‘ते कुठे नेतील कोण जाणे’ ही धास्ती. मग ते ओढतात आणि आपण ओढल्या जातो. आपलं प्रत्येक पाऊल आपण पूर्ण टाकलं, तर कोणाला ओढावं लागत नाही. पत्र लिहिणाऱ्या ताईंनी सगळ्यात आधी एवढंच करून पाहावं. दिसणं इथून सुरू होतं.

याचा सराव कुठे करायचा? ओट्याशी. दूध तापत ठेवलं की ओट्याला हाताचा हलका आधार घ्या आणि उजवा-डावा, उजवा-डावा भार बदलत राहा. तोंडाने मोजा: एक, दोन, तीन, आणि चारला थांबा, पाच, सहा, सात, आणि आठला थांबा. दूध वर येईपर्यंत पाचेक मिनिटं सहज होतात. (लक्ष दुधाकडेही असू द्या, नाहीतर सदर लिहिणारीला शिव्या बसतील.)

मग हाताची पकड

इथे आपल्याला परक्या गुरूची गरजच नाही. फुगडी आठवा. हातांची अढी घालून, पावलं जुळवून, दोघी मागे झुकतात. एकीने अंग सैल सोडलं तर दोघी कोसळतात. एकीने हिसके दिले तर दुसरीचे खांदे दुखतात. दोघींनी सारखा ताण धरला तरच फुगडी रंगते. सालसात मागे झुकायचं नसतं आणि ताणही फुगडीइतका नसतो, पण तत्त्व तेच आहे. कोपरं अंगाच्या जरा पुढे, हात ना लुळा ना काठीसारखा. बोटं त्यांच्या बोटांत अलगद अडकवलेली. अंगठ्याने आवळून धरायचं नाही. धरलं तर गिरकीत मनगट पिरगळतं.

अशी पकड असली की त्यांचा इशारा आपल्या हाताला कळतो. मग तो येईपर्यंत थांबायचं. हे थांबणं फार अवघड, बरं का! पावलं पाठ झाली की आपण पुढचं आधीच करून टाकतो. त्यांनी हात उचलायच्या आत आपण गिरकी घेतलेली असते. ही हुशारी नाही, घाई आहे. आणि घाईत नखऱ्याला वेळ उरत नाही. जी थांबते, तिलाच दोन मात्रा शिल्लक मिळतात.

आता मोकळा हात

मैत्रिणींनो, इथे खरी गंमत आहे. एका हाताची फुगडी खेळलात ना? एक हात मैत्रिणीच्या हातात, दुसरा कमरेवर. कमरेवरचा तो हात कोणाच्या मालकीचा? आपल्या. सालसात असे प्रसंग पुष्कळ येतात. ते बाजूला सरकून आपल्याला वाट करून देतात आणि आपण पाच-सहा-सातला सरळ त्यांच्यासमोरून पलीकडे जातो, तेव्हा डावा हात मोकळा असतो. गिरकी संपवून त्यांच्याकडे तोंड करतो, तेव्हा एक हात मोकळा असतो. कधी ते दोन्ही हात सोडतात आणि दोघं सुटे नाचतात, तेव्हा तर सगळं अंगणच आपलं.

त्या हाताने करायचं काय? मोबाईलवर पाहिलेलं काहीतरी उचलू नका. वीस वर्षांच्या पोरीचे हातवारे आपल्या अंगावर उसन्या दागिन्यासारखे दिसतात. आपल्याकडे स्वतःचं भांडार आहे. कपाळावरची बट आपण कानामागे सारतो. सालसा नाचणाऱ्या बायका केसांवरून हात फिरवतात तो हाच, जरा सावकाश केलेला. पदर खांद्यावर टाकतो, तो हात किती डौलाने मागे जातो पाहिलंय का कधी? कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहतो, तेही उभं राहणं आहेच. कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहा, या रोजच्या तीन हालचाली केरव्याच्या मोजणीवर करून पाहा, आणि ज्या अंगाला शोभतात तेवढ्याच ठेवा.

करताना क्रम एक लक्षात ठेवा: आधी कोपर निघावं, मग मनगट, शेवटी बोटं. सगळा हात एकदम उचलला की तो वाहतूक पोलिसाचा होतो. हात अंगाजवळून वर न्यावा, लांबून फेकू नये. बोटं शेवटपर्यंत जागी असावीत. मिटलेली मूठ नको आणि फताडा पंजाही नको. आणि हातामुळे पाऊल उशिरा पडता कामा नये. पडलं, तर त्या दिवशी हात कमरेवर ठेवा आणि पाय सुधारा.

या शेवटच्या नियमाची किंमत मी मोजली आहे, म्हणून जरा मोठ्याने सांगते. भाचीच्या लग्नात आमच्या ‘ह्यां’बरोबर नाचायची वेळ माझ्यावरही आली होती. महिनाभर आरशासमोर हातांची तालीम केली होती. नाचताना इतकं सुचलं, इतकं सुचलं, की गिरकी संपायच्या आत मी डावा हात ऐटीत बाजूला फेकला. ह्यांचा चष्मा उडाला तो थेट विहीणबाईंच्या ताटलीत. लोक हसले, हेही हसले, पण पुढचा सगळा नाच त्यांनी डोळे बारीक करून आणि मी मान खाली घालून केला. साथ सुटली की नखरा उरत नाही, नुसते हातवारे उरतात.

त्या रात्री सासूबाईंची पैठणी घडी करून ठेवताना मला माझी चूक कळली. पैठणीचं अंग बघा, एका रंगाचं, फार तर मधूनमधून एखादी बुट्टी. सगळी श्रीमंती काठात आणि पदरात. अंगभर मोर विणले तर पदर कुठला ते कळेल का? नाचाचंही तसंच. पावलं म्हणजे साडीचं अंग. ती साधी आणि स्वच्छ ठेवा. एका गाण्यात तीन-चार जागा निवडा आणि तिथेच पदर उलगडा. बघणाऱ्याला तेवढंच लक्षात राहतं.

हे परकं नाही

‘आपल्या घरंदाज बायकांना हे शोभतं का?’ हा प्रश्न पत्रात नाही, पण मनात असेल. ज्या शहरातून पत्र आलं, त्याच शहराने याचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलंय. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, तेराव्या शतकात सिंघण राजाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. हिशेबठिशेब बघणारा माणूस! त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याचा सातवा अध्याय संबंध नृत्यावर आहे, आणि त्यात लास्याची, म्हणजे नाचातल्या नाजूक डौलाची, अंगं वेगळी काढून सांगितली आहेत. हिशेबाच्या माणसालाही डौल ही नोंद करून ठेवण्याजोगी गोष्ट वाटली, हे आपण लक्षात घ्यायला हवं.

त्याहून जुनी साक्ष दगडातली आहे. बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या सातव्या लेण्यात, गाभाऱ्यात, एक शिल्पपट आहे. सहाव्या शतकाच्या सुमाराचा. मधोमध नर्तकी, आणि तिच्या दोन्ही अंगांना वाद्यं वाजवणाऱ्या बायका. सगळ्या बायकाच! सिडकोतल्या ताईंनी एखाद्या रविवारी डबा बांधून तिथे जरूर जावं. तिच्या कमरेचं वळण पाहावं, आणि ते वळण कुठल्या पायावरच्या भारातून आलंय ते शोधावं. हात कसे आहेत, बोटं कशी आहेत, ते पाहावं. आणि मग तिच्या भोवतीच्या वादकांकडे पाहावं. ती त्यांच्या तालावर नाचते आहे, त्यांच्या मागे आहे म्हणा ना. तरी चौदाशे वर्षं आपली नजर आधी तिच्यावरच जाते.

कपड्यालत्त्याचं

साडीत नाचायचं असेल तर परकर घेरदार हवा, म्हणजे मागचं पाऊल अडणार नाही. पदर खांद्यावर पिनेने पक्का करा आणि खालचं टोक कमरेला खोचा. लांब मंगळसूत्र गिरकीत त्यांच्या कोटाच्या बटणात अडकतं, ते आतून ब्लाऊजला पिनेने टाचून घ्या. काचेच्या बांगड्या त्या दिवशी नकोत; धातूच्या, मनगटाशी बसणाऱ्या दोन पुरेत. खड्याची अंगठी उजव्या हातात नको, त्यांची बोटं सोलतात. लांब शेपटा असेल तर अंबाडा घाला. गिरकीतला शेपटा म्हणजे चाबूक!

पायात काय? रबरी तळाचे बूट फरशीला चिकटतात. पाऊल अडतं आणि गुडघा पिळवटतो. नुसते मोजे घालून गुळगुळीत फरशीवर नाचलात तर घसराल. चामडी तळाची, घोट्याला पट्टा असलेली, बुटक्या टाचेची चप्पल सर्वांत बरी. कोल्हापुरीचा तळ चामड्याचा असतो खरा, पण मागे पट्टा नसल्याने ती गिरकीत पायातून निघून जाते. गुडघेदुखी किंवा चक्करेचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि गिरक्या कमी ठेवा. गिरकीत मान शेवटी वळवावी आणि पटकन पुन्हा त्यांच्या चेहऱ्यावर नजर लावावी. चक्कर कमी येते.

दोन गोष्टी यजमानांसाठी

हा भाग मोठ्याने वाचून दाखवा. पुढाकार घेणाऱ्याचं काम वाट दाखवायचं आहे, ढकलायचं नाही. गिरकीच्या वेळी हात तिच्या डोक्यावर छत्रीसारखा धरावा, तिची बोटं आवळू नयेत, आणि ती पूर्ण फिरून येईपर्यंत वाट पाहावी. तिचा एखादा हात डौलात गेलेला दिसला तर पुढची पायरी एक फेरी उशिरा घेतली तरी चालते. त्या मोजणीचं कोणी ऑडिट करत नाही.

यजमान तयारच नसतील तर? जाऊबाईंना धरा, नणंदेला धरा. एकीने पुढाकार घ्यावा, दुसरीने साथ द्यावी, मग उलट. फुगडी काय आपण नवऱ्यांना विचारून शिकलो होतो? शिवाय एकदा पुढाकार घेऊन पाहिला की साथीला काय लागतं ते चांगलं कळतं. काही क्लासमध्ये जोडीदार बदलून सराव घेतात. ते आपल्याला नको असेल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं. त्यात संकोच कसला?

सिडकोतल्या ताई, आता शेवटचं तुमच्यासाठी. त्या मुलीने तुम्हाला ‘दिसत नाही’ म्हटलं, त्याआधी ‘सगळं बरोबर आहे’ असंही म्हटलं होतं. ते तुम्ही पत्रात लिहिलंत, पण तुमच्या मनाला ते लागलं नाही, दुसरंच लागलं. बरोबर असणं ही लहान कमाई नाही. बावीस वर्षं चुकायचं नाही म्हणून जो तोल तुम्ही सांभाळलात, त्यावरच आता हात उचलायचा आहे. रोज दहा मिनिटं. पहिला आठवडा फक्त भार बदलणं, दुसरा आठवडा पकड आणि थांबणं, तिसऱ्या आठवड्यात एकच हालचाल, पदर टाकण्याची. एकच! ती संगीताच्या रात्री तीन वेळा करा. चारला किंवा आठला, जिथे कोणाचंच पाऊल पडत नाही, तिथे हात पोचू द्या.

आणि कार्यक्रमानंतर मला पत्र टाका. नाच कसा झाला हे लिहू नका, ते मुलं मोबाईलवर काढतीलच. तुम्हाला स्वतःला कसं वाटलं, एवढंच लिहा.

पुढच्या आठवड्यात जुन्या जरीच्या साड्यांची निगा. तोवर दुधाकडे लक्ष असू द्या.

— तुमची ताई